गाजरगवत मेले, पण जागा कुणाच्या ताब्यात गेली? रस्त्याकडेच्या एका गवती पट्ट्याचे प्रकरण

दुपदरी रस्ता. डांबराच्या कडेला मुरमाची साइडपट्टी, तिला लागून गवताचा उतार, उताराच्या पायथ्याशी पाणी वाहून नेणारा चर आणि त्यापलीकडे शेते. रस्त्याची देखभाल करणाऱ्यांची तक्रार साधी होती. दर पावसाळ्यात गाजरगवत कमरेएवढे वाढते, वळणावर समोरचे वाहन दिसत नाही, कापणाऱ्या माणसांच्या हातांवर पुरळ उठते, आणि कापले तरी थोड्याच दिवसांत त्याच बुडख्यांवर पुन्हा पांढरी फुले दिसू लागतात. त्यांचा प्रश्न एकच होता: फवारायचे काय?

हे प्रकरण सविस्तर लिहावेसे वाटले, कारण या प्रश्नाचे उत्तर औषधाच्या नावात अर्धेच मिळते. उरलेले अर्धे उत्तर तण मेल्यावर त्या जागेत काय उगवणार यात असते आणि तिकडे फारसे कुणी बघत नाही. रस्त्याकडेचा पट्टा म्हणजे शेत नव्हे. शेतात तण मेले की जागा पिकाची होते. इथे पीक नाही. इथे जागा राखणारे कुणी असेल तर ते गवत, आणि तेच दुबळे असेल तर कितीही चांगले तणनाशक आणले तरी पुढच्या पावसात तेच तण परत येते.

उतारावर उतरून पाहिले तेव्हा

गाडीतून पाहिले की अख्खा पट्टा गाजरगवताने भरलेला वाटतो. पायी चालत गेल्यावर वेगळे दिसते. उताराच्या मधल्या भागात हरळी आणि मारवेल बऱ्यापैकी दाट होते. त्यांच्यात गाजरगवत होते, पण खुरटलेले, एखाद-दुसऱ्या फांदीचे. सोबत एकदांडी, टाकळा, आघाडा अशी रुंद पानांची नेहमीची मंडळी. खरी गर्दी दोन ठिकाणी होती. एक डांबराला लागून असलेल्या अरुंद पट्टीत आणि दुसरी चराच्या काठावर.

एक मीटर लांबी-रुंदीची चौकट जमिनीवर टाकायची आणि त्यात उघडी माती किती दिसते ते बघायचे, एवढेच काम उताराच्या वेगवेगळ्या उंचीवर केले. यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही आणि यातून मिळते तेवढी माहिती दुसऱ्या कशातून मिळत नाही. गवताने माती पूर्ण झाकलेल्या चौकटीत गाजरगवताची रोपे क्वचितच सापडली. माती उघडी होती तिथे बोट ठेवायला जागा नव्हती, इतकी बारीक रोपे एकमेकांना खेटून उगवलेली.

मग माती उघडी का पडली, हे शोधणे आले. कारणे प्रत्येक जागी वेगळी निघाली. डांबराच्या कडेला आधीच्या हंगामात ग्लायफोसेट मारले होते. ते निवडक तणनाशक नाही. गाजरगवताबरोबर हरळीही गेली आणि मोकळ्या मुरमात पहिल्या पावसाला आधी उगवले ते गाजरगवतच. वळणावर कापणी यंत्राचे पाते इतके खाली लावलेले असायचे की उंचवट्यावरचे गवत मातीसकट खरवडले जायचे. काही तुकड्यांत जनावरे सतत चरत होती. जनावर गवत खाते, गाजरगवताला सहसा तोंड लावत नाही. त्यामुळे चराई जितकी जास्त तितका गाजरगवताचा फायदा. आणि चराच्या काठावर, जिथे सर्वांत दाट जंगल माजले होते, तिथे दरवर्षी चर उपसून काढलेला गाळ टाकला जात होता. ओला, सुपीक, उघडा गाळ आणि त्यात वरून वाहत आलेले बी. या गाळाकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

नुसती कापणी का हरत होती

गाजरगवताचा स्वभाव समजला की कापणीचे अपयश आपोआप उलगडते. बी उगवले की आधी पानांचा चक्राकार झुपका जमिनीला चिकटून पसरतो. तो आजूबाजूच्या लहान रोपांना झाकून टाकतो. मग मधून दांडा उठतो, फांद्या फुटतात आणि अनुकूल ओल असेल तर उगवणीपासून चार-सहा आठवड्यांत फुले येतात. दिवस मोठा आहे की लहान याने त्याला फारसा फरक पडत नाही, ओल मिळाली की पुरे. एका चांगल्या वाढलेल्या झाडाला पंधरा ते पंचवीस हजार बिया येऊ शकतात. बी हलके असते. पाण्याबरोबर, चिखलाबरोबर, टायरच्या खाचांतून आणि कापणी यंत्राच्या पात्याखाली अडकून ते पुढे जाते. जमिनीत गाडले गेलेले बी कित्येक वर्षे जिवंत राहते.

या पट्ट्यावर कापणी व्हायची ती फुले भरात असताना, कारण तेव्हाच तण डोळ्यांत भरते आणि तक्रारी येतात. तोवर खालच्या फुलांत बी तयार झालेले असते. यंत्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते पेरत जाते. कापलेला बुडखा पुन्हा फुटतो आणि या वेळी पात्याच्या उंचीच्या खालीच फुलतो. म्हणजे कापणीने दृष्टीच्या आड येणारा अडथळा महिनाभर कमी झाला, पण बियांचा साठा वाढतच राहिला. वळणावर दिसण्यासाठी कापणी लागणारच, त्यात दुमत नाही. तिच्याकडून तणनियंत्रणाची अपेक्षा ठेवली, तिथे गणित बिघडले.

औषधाची निवड

गवत जगवून रुंद पानांचे तण मारायचे म्हटल्यावर ग्लायफोसेट पहिल्याच फेरीत बाद झाले. उरलेल्यांत चार-पाच पर्याय विचारात घेतले.

मेटसल्फ्युरॉन मिथाइल हे हेक्टरी काही ग्रॅम एवढ्या मात्रेत काम करते आणि बरीच गवते ते सोसतात. पण चुनखडीच्या, अल्कधर्मी जमिनीत ते सावकाश विघटित होते आणि संवेदनशील पिकाला त्याचा अंशही बाधतो. इथे उताराचे पाणी चरात आणि चराचे पाणी शेताकडे जात होते. डायकांबा मातीत पाण्याबरोबर सहज सरकते, हवेत वाफेच्या रूपातही उठते, आणि रस्त्याकडेच्या झाडांची मुळे नेमकी याच पट्ट्यात पसरलेली असतात. झाडांची भीती काल्पनिक नाही. अमिनोसायक्लोपायराक्लोर हे तेव्हा नवे असलेले तणनाशक अमेरिकेत हिरवळींवर वापरले गेले तेव्हा शेजारचे स्प्रूस आणि पाइन वाळू लागले, आणि २०११ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने त्या उत्पादनाची विक्री थांबवली. नंतर ओरेगॉन राज्यात महामार्गाकडेला तणासाठी हेच द्रव्य वापरल्यावर पाँडेरोसा पाइनची मोठी झाडे मेली. फवारणी झाडांवर नव्हती, जमिनीवर होती. क्लोपायरॅलिड आणि अमिनोपायरॅलिड या गटाचा आणखी एक धोका आहे. फवारलेले गवत जनावराने खाल्ले तरी द्रव्य शेणात टिकते, आणि ते खत टोमॅटो किंवा शेंगवर्गीय पिकाला घातले तर पाने आक्रसतात. उतारावरचे गवत वैरणीसाठी कापून नेले जात असेल, तर हा पर्याय माझ्या मते विचारातही घेऊ नये.

उरले २,४-डी. १९४० च्या दशकापासून वापरात असलेले हे औषध. मातीत त्याचे अर्धे विघटन साधारण एक ते दोन आठवड्यांत होते, गवताला ते सहसा बाधत नाही आणि कोवळ्या गाजरगवतावर चांगले चालते. दोषही आहेत. कापूस, द्राक्ष, टोमॅटो ही पिके त्याला कमालीची संवेदनशील आहेत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये त्याला ‘कदाचित कर्करोगकारक’ म्हणजे २ब या गटात ठेवले आहे. डोळ्यांना त्याची अमाइन क्षारे गंभीर इजा करू शकतात. हे सगळे माहीत असूनच ते निवडले, आणि निवडताना रूप ठरवले: एस्टर नको, अमाइन क्षार. एस्टर मेणचट पानात लवकर शिरते आणि पावसाला लवकर दाद देत नाही, पण उन्हात त्याची वाफ होऊन ती दूरवर जाते. एका बाजूला कापूस उभा असताना हा धोका पत्करण्यात अर्थ नव्हता.

एक गोष्ट मात्र कुठल्याही निवडीच्या आधी बघायची: डब्याच्या लेबलवर पिकाखाली नसलेल्या जागेसाठी किंवा रस्त्याकडेसाठी वापर दिलेला आहे का. हे नियम देशागणिक बदलतात. लेबलवर नसेल तर ते औषध तिथे वापरायचे नाही.

ते मारते कसे

हे कळले की फवारणीतले अर्धे नियम पाठ करावे लागत नाहीत. २,४-डी हे वनस्पतीच्या ऑक्झिन या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करते. स्वतःचे ऑक्झिन झाड गरजेप्रमाणे बनवते आणि मोडते. २,४-डी त्याला तितक्या झटपट मोडता येत नाही. परिणामी वाढीचा आदेश सुटतो तो थांबतच नाही. फवारल्यावर काही तासांतच गाजरगवताचे देठ खाली वाकतात, शेंडा पीळ घेतो. पुढच्या काही दिवसांत दांडा जाड होऊन तडकतो, अन्न वाहून नेणाऱ्या वाहिन्या चिरडल्या जातात आणि दोन-तीन आठवड्यांत झाड वाळते.

गवत यातून वाचते, कारण त्याच्या अंगात हे द्रव्य फारसे सरकत नाही, गवत त्या द्रव्याला रासायनिकरीत्या निष्प्रभ करते आणि गवताचा वाढता कोंब पानांच्या आवरणात खाली लपलेला असतो. अगदी कोवळी, नुकती उगवलेली गवताची रोपे मात्र इतकी कणखर नसतात. म्हणून नवे गवत पेरले असेल तर ते फुटवे धरेपर्यंत थांबावे.

मारण्याची ही रीत सावकाश आहे आणि तिला झाड जिवंत, चालते हवे. पानातून आत शिरलेले द्रव्य साखरेच्या प्रवाहाबरोबर मुळाकडे जाते. पाण्याच्या ताणाने मलूल झालेल्या झाडात हा प्रवाह मंदावतो, मग औषध वरच राहते. आदल्या दिवशी कापलेल्या झाडाला पानेच नसतात, मग औषध शिरणार कुठून? आणि जास्त जोर लावावा म्हणून मात्रा दुप्पट केली किंवा पाने जाळणारे दुसरे औषध मिसळले, तर पान आधीच करपते आणि मुळापर्यंत काही पोहोचत नाही. बहुवर्षायू तणांत हे विशेष जाणवते. म्हणून आधी आणि नंतर किमान आठवडाभर कापणी नाही असे ठरले.

वेळ

पाऊस सुरू होऊन पहिली उगवण झाली की गाजरगवत पानांच्या झुपक्याच्या अवस्थेत येते. हीच वेळ पकडायची होती, दांडा उठायच्या आत. देखभाल करणाऱ्यांना हे पटायला वेळ लागला. त्या सुमाराला रस्त्यावरून तण दिसतच नाही, मग फवारायचे कशावर, असा त्यांचा सवाल. त्यांना उतारावर नेऊन गवत हाताने बाजूला केले. हातरुमालाएवढ्या जागेत जमिनीला चिकटलेले, गाजराच्या पाल्यासारखे चिरलेल्या पानांचे झुपके एकावर एक होते. ते पाहिल्यावर वाद संपला.

फुललेल्या झाडावर फवारून उपयोग नसतो असे नाही, ते वाकते, पिवळे पडते, पण मरता मरता बी पिकवून जाते. म्हणून फुललेली झाडे फवारणीतून वगळून हाताने उपटायची ठरली, तीही हातमोजे घालून आणि ओल असताना, म्हणजे मूळ तुटत नाही. गाजरगवताने त्वचेला होणारी ॲलर्जी एकदा जडली की पुढे किरकोळ स्पर्शानेही उसळते, तेव्हा उघड्या हाताने उपटणे हा धाडसाचा विषय करू नये.

पंपातले माप

मात्रा चुकण्याची सर्वांत मोठी जागा म्हणजे पाठीवरचा पंप आणि तो घेऊन चालणारा माणूस. ‘पंपाला एक झाकण’ हे माप या प्रकरणात पहिल्याच दिवशी बंद केले.

आधी साध्या पाण्याने चाचणी. नोझलमधून एका मिनिटात किती पाणी पडते ते मोजपात्रात धरले: १.२ लिटर. फवाऱ्याचा पट्टा जमिनीवर १ मीटर रुंद पडत होता. माणूस त्याच्या नेहमीच्या चालीने मिनिटाला ४० मीटर जात होता. म्हणजे १.२ लिटर पाणी ४० चौरस मीटरवर, हेक्टरी हिशोबाने ३०० लिटर. पंप १६ लिटरचा, तेव्हा एक पंप सुमारे ५३३ चौरस मीटरला पुरणार. समजा डब्यावर लिटरमागे ५०० ग्रॅम आम्ल समतुल्य (म्हणजे क्षाराचा भाग वगळून प्रत्यक्ष काम करणारे २,४-डी) लिहिले आहे आणि लेबलने हेक्टरी १ किलो आम्ल समतुल्य सांगितले आहे. मग हेक्टरी २ लिटर औषध, आणि एका पंपात साधारण १०७ मिलिलिटर.

आता हाच पंप घेऊन दुसरा माणूस मिनिटाला ६० मीटर चालला तर हेक्टरी पाणी २०० लिटरवर येते, आणि पंपातले मिश्रण तेच असल्याने औषध दोन तृतीयांशच पडते. गाजरगवत पीळ घेते, आठवडाभर आजारी दिसते आणि मग सावरते. औषध बनावट निघाले, असा निष्कर्ष लोक काढतात. उलट, चढावर रेंगाळत चालणारा माणूस दीडपट मात्रा टाकून जातो. म्हणून प्रत्येक माणसाची चाल वेगळी मोजली आणि त्याच्या पंपाचे माप त्याच्यासाठी वेगळे ठरवले. काम कंटाळवाणे आहे, पण माझ्या अनुभवात तणनाशक ‘लागू न पडण्याची’ कारणे शोधायला लागले की बहुतेक वेळा इथेच येऊन थांबावे लागते.

पाण्याचेही बघावे लागले. जवळच्या विहिरीचे पाणी जड होते. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असले की अमाइन क्षाराचे २,४-डी त्यांच्याशी बांधले जाते, कधी पंपात पांढरट साका बसतो आणि परिणाम घटतो. औषध घालण्याआधी पाण्यात अमोनियम सल्फेट विरघळवून घेतले. गढूळ पाणी गाळून घेतले, नाहीतर नोझल तुंबते आणि फवारा वाकडा पडतो.

कापसाची बाजू

कापसाच्या पानावर २,४-डीचा परिणाम एकदा पाहिला की विसरत नाही. पान हाताच्या बोटांसारखे लांबट, चिंचोळे होते, शिरा एकमेकांजवळ येतात, कडा सुरकुततात. यासाठी औषधाचा प्रत्यक्ष फवारा पडायला लागत नाही, वाऱ्यावर आलेले बारीक थेंब पुरतात.

थेंबाचा व्यास निम्मा झाला की तेवढ्याच पाण्याचे आठपट थेंब होतात आणि प्रत्येक थेंब हवेत कितीतरी जास्त वेळ तरंगतो. कीटकनाशकासाठी वापरतात ते धुके उडवणारे हॉलो कोन नोझल म्हणूनच इथे चालणार नव्हते. फ्लड जेट नोझल, कमी दाब, मोठे थेंब आणि नोझल जमिनीपासून गुडघ्याच्या उंचीला. वारा कापसाकडून रस्त्याकडे असेल तेव्हाच त्या बाजूचे काम. वारा जोरात नको हे सगळ्यांना कळते, पण पहाटेची अगदी निर्वात वेळही नको, हे पटवावे लागले. अशा वेळी थंड हवेचा थर जमिनीलगत दबून राहतो आणि त्यात तरंगणारे बारीक थेंब विरून न जाता एकगठ्ठा हळूहळू सरकतात, कुठे उतरतील सांगता येत नाही. सूर्य वर येऊन हवा हलू लागली, मंद झुळूक एका दिशेने स्थिर झाली, की सुरुवात करायची, आणि ऊन तापायच्या आत थांबायचे.

एवढे करूनही कापसाला अगदी लागून असलेल्या तुकड्यात फवारलेच नाही. तिथे उपटणी केली. चराच्या पाण्याला अगदी टेकलेली कडाही सोडली, वरच्या काठावरच्या गाळावर मात्र फवारले. हा निर्णय काहींना अति सावधपणाचा वाटला. मला तसे वाटत नाही. शेजारच्या शेतकऱ्याचे पीक बिघडले तर पुढे त्या रस्त्यावर कुणी फवारणीचे नाव काढू देणार नाही, आणि ते योग्यच ठरेल.

पंप या कामासाठी वेगळा ठेवला, त्यावर मोठ्या अक्षरात ‘तणनाशक’ लिहिले. २,४-डी पंपाच्या रबरात आणि नळीत मुरते. साध्या पाण्याने धुऊन तोच पंप कापसाच्या कीटकनाशकाला वापरला, तर शेतकऱ्याच्या स्वतःच्याच हाताने नुकसान होते. फवारणाऱ्यांना हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, बूट आणि डोळ्यांवर चष्मा. मिश्रण करताना चष्मा सक्तीचा, कारण तेव्हा हातात असते ते मूळ, दाट औषध. फवारलेल्या पट्ट्यावर सूचनाफलक लावले आणि लेबलवर दिलेल्या मुदतीपर्यंत चराई आणि वैरणकापणी बंद ठेवली. याला आणखी एक कारण आहे. २,४-डी पडल्यावर काही विषारी तणांची चव बदलते आणि एरवी तोंड न लावणारी जनावरे ती खातात.

एका तुकड्यात मात्र सगळेच थांबवले. तिथली गाजरगवताची पाने चाळणी झालेली होती. जवळून पाहिले तर दुधी रंगाच्या पाठीवर गडद तपकिरी नागमोडी रेघा असलेले, तांदळाच्या दाण्याएवढे भुंगेरे. मूळचा मेक्सिकोचा हा झायगोग्रामा भुंगेरा जैविक नियंत्रणासाठी ऑस्ट्रेलियात १९८० मध्ये आणि भारतात १९८४ मध्ये सोडला गेला. ओल कायम असते तिथे तो गाजरगवताची पाने फस्त करतो. भुंगेरे असलेला तुकडा फवारून त्यांचे खाद्य संपवण्यापेक्षा त्यांना वाढू देणे शहाणपणाचे होते.

काय झाले

पहिल्या महिन्यात पट्टा पाहून सगळे खूश होते. झुपके वाळले, हरळी हिरवी राहिली. पण याला यश म्हणायची घाई मी करू दिली नाही. पुढच्या सरींनंतर दुसरी उगवण होणार होती आणि २,४-डीचा जमिनीतला परिणाम तोवर संपलेला असणार होता.

तसेच झाले, फक्त सगळीकडे सारखे नाही. उताराच्या मध्यावर तण मेल्यावर मोकळी झालेली फट हरळीने धावत्या फुटव्यांनी भरून टाकली. दुसऱ्या उगवणीची रोपे तिथे आलीही, पण गवताच्या सावलीत फिकी, लांबट होऊन बसली. त्यांच्यासाठी पुन्हा फवारावे लागले नाही. डांबराच्या कडेला, जिथे गवतच उरले नव्हते, तिथे दुसरी पिढी पहिल्याइतकीच दाट आली. आणि चराच्या काठावरच्या गाळात तर जणू फवारणी झालीच नव्हती.

एकच औषध, एकच माप, तीच माणसे, तोच दिवस. फरक होता तो गवताचा. इथे पुन्हा फवारा, अजून कडक काहीतरी फवारा, असा आग्रह झाला. तो मान्य केला असता तर त्या जागा पुढच्या वर्षीही उघड्याच राहिल्या असत्या.

त्याऐवजी चर उपसण्याची पद्धत बदलली. गाळ उतारावर पसरायचा नाही, उचलून न्यायचा आणि एका जागी ढीग करून त्यावर उगवलेले तण फुलायच्या आत मारायचे. चराच्या उघड्या काठावर आणि डांबराच्या कडेला हरळीच्या मुळ्यांसह कांड्या लावल्या, त्याच उतारावरच्या दाट भागातून काढलेल्या. तिथल्या हवा-मातीला सरावलेले गवत हाताशी असताना बाहेरून बी आणण्याची गरज नव्हती. मुरूम घट्ट दाबलेला होता, तो आधी टिकावाने मोकळा करावा लागला, आणि हे काम फवारणीपेक्षा कितीतरी कष्टाचे निघाले. कापणी यंत्राचे पाते वर घेतले, दहा-पंधरा सेंटिमीटर गवत मागे राहील इतके. कापणीची सुरुवात तण कमी असलेल्या टोकाकडून करायची आणि तुकडा बदलताना पाते आणि खालचा पत्रा झाडून घ्यायचा, हेही ठरले.

दुसऱ्या वर्षी सलग फवारणी केलीच नाही. पंप पाठीवर घेऊन एक माणूस चालत गेला आणि झुपका दिसेल तिथे तेवढाच फवारा. औषध कमी लागले हा त्याचा एक भाग. दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो: उतारावर रानटी शेंगवर्गीय वेली आणि छोटी फुलझाडे होती, त्यांवर मधमाश्या येत होत्या. २,४-डी त्यांनाही मारते. रुंद पानांचे म्हणून सगळेच शत्रू धरले तर उतार नुसत्या गवताचा होतो आणि फुलांवर जगणाऱ्या कीटकांसाठी तिथे काही राहत नाही.

वाचलेली झाडे

फवारणीनंतर महिन्याने केलेली पाहणी या प्रकरणात मी सर्वांत गंभीरपणे घेतली. शेजारची सगळी मेली आणि मधले एकच ताठ उभे आहे, असे झाड कुठे दिसते का? फवारा चुकून न पडलेले झाड ओळखू येते, त्याच्या आजूबाजूला हिरवी चकती असते. एकटेच वाचलेले झाड वेगळे.

याला इतिहास आहे. तणनाशकाला दाद न देणाऱ्या तणांच्या जगातल्या अगदी पहिल्या नोंदींपैकी एक १९५७ ची आहे, कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतातली. तण होते रानगाजर, औषध हेच २,४-डी, आणि जागा रस्त्याची कडा, जिथे तेच औषध वर्षानुवर्षे फवारले जात होते. गाजरगवतातही ग्लायफोसेटला प्रतिकार करणारे प्रकार कोलंबियात आढळले आहेत. म्हणून या पट्ट्यावर नियम केला: पाहणीत वाचलेले दिसेल ते झाड त्याच दिवशी मुळासकट उपटायचे, बी धरू द्यायचे नाही, आणि सलग फवारणी पुन्हा कधी लागलीच तर कार्यपद्धती वेगळी असलेल्या गटातले औषध विचारात घ्यायचे.

सध्या उताराचा मधला भाग कापणीवरच चालला आहे. डांबराची कडा अजून अर्धी उघडी आहे. तिथे वाहने उतरतात, चाकाखाली हरळी टिकत नाही आणि त्या अरुंद पट्टीत ठिपकेवार फवारणी दर पावसाळ्याला करावी लागेल. मोरीच्या दोन्ही तोंडांशी पाणी साचते, तिथे फवारा नाही, पहिल्या सरीनंतर तिसऱ्या आठवड्यात उपटणी. कापसाच्या शेजारच्या तुकड्याची उपटणी आता त्या शेताचे मालक आणि देखभालीची माणसे मिळून करतात, कारण उतारावरून उडणारे बी पहिले पोहोचते ते त्यांच्याच बांधावर.